०.६२ विरुद्ध ०.६१: मॅक्लेसफील्ड टाउनचा २०१९-२० हंगाम

२०२०च्या जूनमध्ये इंग्लंडच्या लीग टूचा, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या चौथ्या पातळीचा, गुणतक्ता गोठला, तेव्हा तळाच्या दोन ओळी अशा होत्या. सर्वांत खाली स्टीवनेज: ३६ सामने, २२ गुण. त्यांच्या वर मॅक्लेसफील्ड टाउन: ३७ सामने, २३ गुण. कोरोनामुळे मार्चमध्येच खेळ थांबला होता आणि सगळ्यांचे सामने सारखे झाले नव्हते. म्हणून क्लबांनी ठरवलं की एकूण गुणांना खेळलेल्या सामन्यांनी भागायचं आणि जो आकडा येईल त्यावर क्रम लावायचा. २३ भागिले ३७ म्हणजे ०.६२. २२ भागिले ३६ म्हणजे ०.६१. या एका शतांशावर मॅक्लेसफील्ड वाचलं आणि स्टीवनेज लीगबाहेर जायला निघालं.

दोन महिन्यांनी निकाल उलटला. मधल्या काळात या दोघांपैकी कोणी एक चेंडूही मारला नव्हता.

छोट्या क्लबांच्या वाईट हंगामांबद्दल लिहिताना नेहमी मैदानाची भाषा वापरली जाते: फॉर्म गेला, मॅनेजर बदलले, बचाव गळका झाला. या हंगामाला ती भाषा लागूच पडत नाही. मॅक्लेसफील्डने ३७ पैकी ७ सामने जिंकले, १५ बरोबरीत सोडवले, १५ हरले. ३२ गोल केले, ४७ खाल्ले. ही कामगिरी मिळमिळीत आहे, पण तळाची नाही. सात विजयांचे २१ आणि पंधरा बरोबऱ्यांचे १५, असे ३६ गुण त्यांनी मैदानावर कमावले होते. ३६ भागिले ३७ म्हणजे ०.९७. त्या तक्त्यात मोरकंब ३७ सामन्यांत ३२ गुणांवर होतं. म्हणजे पायांनी कमावलेले गुण हातात राहिले असते तर मॅक्लेसफील्ड मोरकंबच्याही वर, आरामात सुरक्षित असतं. स्टीवनेजने तर ३६ सामन्यांत फक्त तीन जिंकले होते.

ऑगस्टमध्ये शेवटचा हिशेब झाला तेव्हा ३६चे १९ उरले होते. १७ गुण कापले गेले आणि त्याचं मूळ एकच: पगार वेळेवर झाला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॅक्लेसफील्ड हे मँचेस्टरच्या दक्षिणेला चेशर परगण्यातलं गाव. एकेकाळी रेशीम विणणारं, म्हणून क्लबचं टोपणनाव सिल्कमेन. मैदान मॉस रोज. क्लब १८७४चा, पण फुटबॉल लीगमध्ये यायला १९९७ उजाडलं. त्याआधी १९९५ मध्येही त्यांनी बिगर-लीग गटाचं विजेतेपद मिळवलं होतं, तेव्हा मैदान निकषात बसत नाही म्हणून बढती नाकारली गेली. पंधरा वर्षं लीगमध्ये काढून २०१२ मध्ये ते खाली गेले आणि २०१८ मध्ये मॅनेजर जॉन ॲस्कीच्या हाताखाली नॅशनल लीग, म्हणजे पाचवी पातळी, जिंकून परत आले. पहिल्याच वर्षी तळ गाठला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅनेजर म्हणून सोल कॅम्पबेलला आणलं आणि शेवटच्या दिवशी क्लब वाचला. त्या दिवशी त्यांच्याऐवजी नॉट्स काउंटी खाली गेलं, जगातला सर्वांत जुना व्यावसायिक लीग क्लब म्हणून मिरवणारं. या बचावाचं वर्तमानपत्रांत खूप कौतुक झालं. पगार तेव्हाही थकत होते, पण टिकून राहिलेल्या संघाच्या बातमीत ती ओळ खाली ढकलली जाते.

आता पगार थकतो म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. या पातळीवरच्या क्लबचे पैसे हंगामभर सारखे येत नाहीत. उन्हाळ्यात सीझन तिकिटांची विक्री होते, प्रायोजक पैसे देतात, शर्ट विकले जातात. जुलै-ऑगस्टमध्ये बँकेत बरी रक्कम दिसते. मग घरच्या मैदानावरचे २३ लीग सामने, पण तेही समान वाटलेले नसतात. एखाद्या महिन्यात घरी चार सामने, एखाद्यात एकच. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाऊस, गोठलेलं मैदान, पुढे ढकललेले सामने. पगाराचा आकडा मात्र बारा महिने तोच. ज्याने उन्हाळ्याचे पैसे जपून ठेवले नाहीत त्याची पंचाईत बरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. मॅक्लेसफील्डचं जाहीर भांडण नोव्हेंबरात पेटलं, हा योगायोग नाही.

पण पहिला थकतो तो खेळाडूंचा पगार नव्हे. पहिला थकतो कर. पगारातून कापलेला आयकर आणि नॅशनल इन्शुरन्सचे पैसे पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याकडे भरायचे असतात. हातात पैसे कमी पडले की क्लबचा मालक आधी हाच हप्ता टाळतो, कारण खेळाडू शनिवारी मैदानात हवे असतात आणि करखातं शनिवारी खेळत नाही. दोन-तीन हप्ते तुंबले की लीगला कळवावं लागतं आणि नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी येते. त्यानंतर करखातं क्लब विसर्जित करण्याचा अर्ज कोर्टात टाकतं.

खरी गोम या अर्जात असते, आणि ती बहुतेक चाहत्यांच्या लक्षात येत नाही. अर्जाची सूचना लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापावी लागते, सुनावणीच्या किमान सात कामकाजाच्या दिवस आधी. ती छापून आली की बँकेला कळतं. ब्रिटनच्या १९८६च्या दिवाळखोरी कायद्यातलं १२७ वं कलम सांगतं की अर्ज दाखल झाल्यानंतर कंपनीने केलेला पैशांचा कोणताही व्यवहार, कोर्टाने मान्यता दिली नाही तर, पुढे रद्दबातल ठरू शकतो. हा धोका बँक कशाला घेईल? ती खातं गोठवते. म्हणजे खात्यात पगारापुरते पैसे असले तरी पगार निघत नाही. त्यासाठी वेगळा आदेश आणावा लागतो, त्याला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात. कर बुडवून पगार भागवण्याची युक्ती शेवटी पगारावरच उलटते ती अशी.

मॅक्लेसफील्डविरुद्धचा अर्ज २०१९च्या उन्हाळ्यापासून कोर्टात होता. करखात्याच्या जोडीला क्लबचे आजी-माजी खेळाडू होते. पुढे देणेकऱ्यांत खुद्द सोल कॅम्पबेलचंही नाव आलं, आदल्या वर्षी क्लब वाचवणारा मॅनेजर. तारखा पडत राहिल्या. मालकाकडून थोडी रक्कम यायची, सुनावणी पुढे जायची, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

कॅम्पबेल ऑगस्ट २०१९ मध्ये, हंगाम सुरू होऊन दोन आठवडेही झाले नसताना, बाहेर पडला. त्याच महिन्यात नवा मॅनेजर डॅरिल मॅकमहन आला. आणि तरीही सुरुवात बरी झाली. संघ सामने जिंकत होता, तक्त्याच्या मध्यावर होता. त्या वेळी आणखी एक दिलासा होता, जो गणिताच्या दृष्टीने फार मोठा आहे. २७ ऑगस्ट २०१९ रोजी वरच्या विभागातल्या, म्हणजे लीग वनमधल्या, ‘बरी’ या क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. बरीही आर्थिक घोळातच गेलं, एकही सामना न खेळता. लीग वनमध्ये २३ संघ उरले, आणि ती एक जागा भरून काढण्यासाठी लीग टूमधून दोनऐवजी एकच संघ खाली पाठवायचं ठरलं. २४ संघांच्या विभागात फक्त तळाचा एक बाद. इतकी सोपी परीक्षा त्या विभागात क्वचितच कोणाला मिळाली असेल.

१० नोव्हेंबरला एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेची पहिली फेरी होती. प्रतिस्पर्धी किंग्स्टोनियन, सातव्या पातळीवरचा, मॅक्लेसफील्डपेक्षा तीन पायऱ्या खालचा संघ. सामना मॉस रोजवर. थकलेल्या पगाराच्या निषेधात पहिल्या फळीतल्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला. मग संघ उभा केला तो युवा अकादमीतल्या पोरांचा आणि लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून तात्पुरत्या, आलेल्यांचा. लोनवरचे का खेळू शकतात, यामागे साधं व्यावहारिक कारण असतं. लोनच्या करारात पगाराचा बराचसा वाटा अनेकदा मूळ क्लब देतो, शिवाय त्या खेळाडूला मूळ क्लबने खेळायलाच पाठवलेलं असतं. संपात उतरून त्याच्या हाती काही लागत नाही. पण लोनवर किती विसंबायचं यालाही मर्यादा आहे. त्या काळी लीगच्या सामन्यासाठी १८ जणांच्या चमूत लोनवरचे फक्त पाच चालायचे. बाकी तेरा जागा स्वतःच्याच माणसांनी भरायच्या.

निकाल लागला ०-४. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. एफए कपमध्ये पुढच्या फेरीत गेलं की बक्षिसाची रक्कम मिळते आणि तिसऱ्या फेरीत मोठा क्लब वाट्याला आला तर तिकीट विक्रीतला वाटा वर्षाचं गणित फिरवू शकतो. ज्या महिन्यात रोकड सर्वांत जास्त हवी होती, त्याच महिन्यात ती कमवायची एक वाट पगार न दिल्यामुळे बंद झाली.

इथे खेळाडूंच्या करारातलं एक कलम सांगायला हवं. इंग्लंडमधल्या प्रमाणित करारानुसार, देय तारखेनंतर १४ दिवसांत पगार मिळाला नाही तर खेळाडू १४ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. म्हणजे महिनाअखेरचा पगार चुकला की साधारण चार आठवड्यांत खेळाडू फुकटात दुसऱ्या क्लबकडे जायला मोकळा. चांगल्या खेळाडूला विकून जी रक्कम आली असती तीही मग गेली. म्हणून अशा क्लबमध्ये पगार ‘तेराव्या दिवशी’ होण्याची एक खास पद्धत पडते: मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी पैसे जमा, कधी पूर्ण, कधी अर्धे, आधी कोण कटकट करतंय त्याला. ड्रेसिंग रूममध्ये कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, यावरून जे वातावरण तयार होतं त्यात फ्री किक-कॉर्नरचा सराव होणं कठीण. कार्यालयातल्या, धुलाईघरातल्या, तिकीट खिडकीवरच्या माणसांसाठी तर खेळाडूंसारखी संघटनाही पाठीशी नसते.

७ डिसेंबरला क्रू या क्लबविरुद्धचा सामना झालाच नाही. खेळाडूंनी आपण खेळण्याच्या मनःस्थितीत नसल्याचं कळवलं आणि लीगला सामना थांबवावा लागला. आता पगार थकवण्याच्या आरोपात दुसरा आरोप मिळाला: ठरलेला सामना न खेळणं. लीगच्या नजरेत हा अधिक गंभीर, कारण यात समोरच्या क्लबचंही नुकसान होतं. १९ डिसेंबरला स्वतंत्र शिस्त आयोगाने सहा गुण कापले आणि आणखी चार ‘टांगते’ ठेवले, म्हणजे पुन्हा चूक झाली तरच कापायचे.

दोनच दिवसांनी, २१ डिसेंबरला, प्लिमथविरुद्धचा घरचा सामना रद्द झाला आणि या वेळी कारण भलतंच होतं. मैदानाची प्रेक्षकक्षमता शून्यावर आणली गेली.

पाच हजारांहून अधिक लोक मावणाऱ्या मैदानाची क्षमता एकदम शून्य कशी होते? इंग्लंडमध्ये या पातळीवरच्या मैदानाला स्थानिक कौन्सिलचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. किती माणसं आत घ्यायची हे नुसत्या खुर्च्या मोजून ठरत नाही. ‘ग्रीन गाइड’ नावाने ओळखली जाणारी सरकारमान्य मार्गदर्शिका आहे, तिच्यात दोन गुणक असतात. एक बांधकामाच्या स्थितीसाठी: पायऱ्या, कठडे, दिवे, बाहेर पडायचे दरवाजे. दुसरा सुरक्षा व्यवस्थापनासाठी: सुरक्षा अधिकारी, गर्दी सांभाळणारे प्रशिक्षित स्ट्युअर्ड, डॉक्टर, रुग्णवाहिका, नियंत्रण कक्ष. दोन्ही गुणक ० ते १च्या दरम्यान असतात, आणि त्यांतला जो कमी असेल त्याने स्टँडच्या क्षमतेला गुणायचं. हजार माणसांच्या स्टँडला बांधकामासाठी ०.९ आणि व्यवस्थापनासाठी ०.६ मिळाले तर आत सहाशेच. सिमेंट कितीही पक्कं असो, दुसरा गुणक शून्य झाला की गुणाकार शून्य.

हा दुसरा गुणक सर्वस्वी माणसांवर उभा असतो. सामन्याच्या दिवशी येणारे स्ट्युअर्ड बरेचदा बाहेरच्या एजन्सीचे असतात, प्राथमिक उपचाराची पथकंही तशीच. क्लबची उधारी वाढली की हे लोक आगाऊ पैसे मागतात किंवा येत नाहीत. क्लबच्या पगारपत्रकावरचा सुरक्षा अधिकारीही शेवटी पगारदारच. पगार थकण्याचा परिणाम स्टँडच्या गेटपर्यंत पोहोचतो तो या वाटेने. प्लिमथ त्या वर्षी बढतीच्या शर्यतीत होतं, मागे मोठा प्रवासी चाहतावर्ग, नाताळच्या आधीचा शनिवार. असा गल्ला वर्षात दोन-तीनदाच मिळतो.

जानेवारीत मॅकमहन गेला, मार्क केनेडी आला. अपिलात सहाचे चार गुण झाले, तेवढाच दिलासा. संघ बरोबऱ्या काढत राहिला. १५ बरोबऱ्यांचा आकडा मला या सगळ्या गोंधळातला सर्वांत बोलका वाटतो. संघ फुटला असता तर पंधरा वेळा सामना वाचवून आला नसता. १३ मार्च २०२० रोजी लीग थांबली तेव्हा त्यांचे नऊ सामने बाकी होते, ते कधीच झाले नाहीत.

खेळ थांबला तरी सुनावण्या चालूच राहिल्या. मे महिन्यात आणखी सात गुण गेले. ९ जूनला क्लबांनी हंगाम संपवून सरासरीने क्रम लावण्यावर शिक्कामोर्तब केलं. आणि मग जूनमध्येच आणखी एका थकलेल्या पगारावरून आयोग बसला. आता प्रत्येक गुणाला नेमकी किंमत होती, कारण स्टीवनेजचा ०.६१ हा आकडा दगडावर कोरला गेला होता. त्या वेळचं कोष्टक असं:

दोन गुण कापले तर २३ ÷ ३७ = ०.६२२, मॅक्लेसफील्ड वर.
तीन गुण कापले तर २२ ÷ ३७ = ०.५९५, मॅक्लेसफील्ड खाली.

आयोगाने दोन कापले आणि चार टांगते ठेवले. शिक्षा झाली आणि जागाही वाचली, असा हा जास्तीत जास्त आकडा होता. टांगते गुण म्हणजे पुन्हा चूक केलीत तर कापू अशी ताकीद. पण हंगाम संपलेला, त्यामुळे या तक्त्यासाठी त्या ताकिदीला काही अर्थच उरला नव्हता. स्टीवनेजवाल्यांचा संताप समजण्यासारखा होता. त्यांचा संघ अत्यंत वाईट खेळला, पण पगार वेळेवर देत होता.

लीगने स्वतःच या निर्णयाविरुद्ध अपील केलं. असं वारंवार होत नाही. ११ ऑगस्टला अपील मंडळाने टांगते चारही गुण ताबडतोब कापले. १९ ÷ ३७ = ०.५१. मॅक्लेसफील्ड तळाला, नॅशनल लीगमध्ये रवाना. स्टीवनेज लीग टूमध्ये कायम. चार आणि सात आणि दोन आणि चार, बेरीज १७.

गुण कापण्याच्या शिक्षेबद्दल चाहत्यांचा आक्षेप जुना आहे आणि तो बिनतोड आहे: पगार बुडवतो मालक, गुण जातात ज्यांचा पगार बुडाला त्यांचे. पण दुसरी शिक्षा काय द्यायची? दंड लावला तर तो त्याच रिकाम्या खात्यातून जाणार. नवे खेळाडू घेण्यावर बंदी घातली तर संघ आणखी कमकुवत होणार. मालकावर वैयक्तिक कारवाई संथ असते आणि तोवर हंगाम उलटून जातो. माझं मत विचाराल तर शिक्षेपेक्षा वेळ चुकली. लीग टूमध्ये त्या काळी खर्चाचा नियम असा होता की खेळाडूंच्या पगारावर उलाढालीच्या ५० टक्क्यांपर्यंतच खर्च करायचा. ऐकायला कडक. पण मालकाने क्लबला दिलेली देणगीही उलाढालीतच धरली जायची. म्हणजे श्रीमंत मालकाचा शब्द हा जणू उत्पन्नच. हा नियम टक्केवारी तपासतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात पैसे आहेत का, हे तपासत नाही. मालकाचे पैसे आटले की टक्केवारी कागदावर नियमात आणि खातं रिकामं.

ऑगस्ट २०२० मध्ये लीगने पगारावर थेट कमाल मर्यादा आणली, लीग टूसाठी १५ लाख पौंड आणि लीग वनसाठी २५ लाख. खेळाडूंच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने ती रद्द ठरवली. गंमत म्हणजे मॅक्लेसफील्डला तिचा काही उपयोग झाला नसता. त्यांचा प्रश्न जास्त पगार देण्याचा नव्हताच, ठरलेला न देण्याचा होता.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: प्रशासकाच्या, म्हणजे दिवाळखोरीत कंपनी चालवायला नेमलेल्या माणसाच्या, हाती क्लब देऊन सुटका का करून घेतली नाही? ती वाट होती. त्याला लीगमध्ये १२ गुणांची शिक्षा आहे, मॅक्लेसफील्डच्या एकूण शिक्षेपेक्षा पाचने कमी. प्रशासक नेमला की कोर्टातल्या अर्जांना स्थगिती मिळते, श्वास घेता येतो. पण मग क्लब मालकाच्या हातून जातो, त्याने घातलेल्या पैशांवर पाणी सोडावं लागतं. शिवाय बाहेर पडताना लीगचे नियम आड येतात. खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी पूर्ण फेडावी लागतात, आणि बाकीच्या विनातारण देणेकऱ्यांना पौंडामागे किमान २५ पेन्स द्यावे लागतात, नाहीतर आणखी १५ गुण जातात. गावातल्या छापखान्याला, बसवाल्याला पाव हिस्सा आणि दुसऱ्या क्लबला पूर्ण, हा नियम अन्यायाचा वाटतो, आहेही. पण तो नसेल तर कोणी कोणाला खेळाडू उधारीवर विकणार नाही. जो मालक विकायला राजी नाही आणि भरायलाही समर्थ नाही, तो महिन्यामागून महिना ढकलत राहतो. सर्वांत महाग वाट हीच.

ऑगस्टमध्ये केनेडीने पद सोडलं. त्याच्या जागी टिम फ्लॉवर्स आला, इंग्लंडचा माजी गोलकीपर, १९९५ मध्ये ब्लॅकबर्नबरोबर प्रीमियर लीग जिंकलेला. त्याने मॅक्लेसफील्डसाठी एकाही लीग सामन्यात संघ उतरवला नाही. १६ सप्टेंबर २०२०, बुधवार, लंडनच्या कोर्टाने क्लब विसर्जित करण्याचा आदेश दिला. देणी पाच लाख पौंडांच्या वर होती. मोठ्या क्लबचा एक राखीव खेळाडू वर्षाला याहून जास्त कमावतो. १४६ वर्षांचा क्लब एवढ्या रकमेसाठी संपला. नॅशनल लीगचा हंगाम दोन-अडीच आठवड्यांवर होता. तो २३ संघांवर सुरू झाला.

अशा क्लबवर लक्ष ठेवायचं असेल तर मैदानाबाहेरच्या तीन गोष्टी बघाव्यात, तिन्ही फुकट आहेत. पहिली, कंपनीज हाउसच्या, म्हणजे ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, नोंदी. वार्षिक हिशेब मुदत उलटूनही आले नसतील किंवा हिशेबाची तारीखच पुन्हा पुन्हा बदलली जात असेल तर काहीतरी जळतंय. दुसरी, लंडन गॅझेट, क्लबचं नाव टाकून शोधायचं. इथे क्लबचं मैदानावरचं नाव आणि कंपनीचं कायदेशीर नाव वेगळं असू शकतं, तेव्हा आधी कंपनीज हाउसमधून खरं नाव घ्या, नाहीतर शोध कोराच येतो. तिसरी, लीग स्वतः प्रसिद्ध करते ती निर्बंध असलेल्या क्लबांची यादी. तिच्यात कारणही असतं. ‘हिशेब सादर केले नाहीत’ हे कारण दिसलं तर तो कधी निव्वळ ढिसाळपणा असतो. ‘करखात्याची थकबाकी’ दिसली की वर सांगितलेली साखळी सुरू झाली आहे असं समजावं.

पुढचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२० मध्ये रॉब स्मेदर्स्ट या स्थानिक व्यावसायिकाने मॉस रोज आणि जुन्या क्लबची मालमत्ता विकत घेतली. मॅक्लेसफील्ड एफसी नावाने नवा क्लब निघाला, सोबतीला वेल्सचा माजी खेळाडू रॉबी सॅव्हेज. नवी कंपनी असल्यामुळे जुन्याची जागा मिळत नाही, खालून सुरुवात करावी लागते. त्यांना नववी पातळी मिळाली, नॉर्थ वेस्ट काउंटीज लीग. २०२१-२२ मध्ये ती जिंकली, पुढच्या वर्षी आठवी जिंकली, २०२४-२५ मध्ये सातवी. स्टीवनेजने ज्या जागेसाठी भांडण केलं ती वाया घालवली नाही. २०२२-२३ मध्ये ते लीग टूमध्ये दुसरे येऊन लीग वनमध्ये गेले.

मॉस रोजवर आता गवत नाही. नव्या मालकाने कृत्रिम मैदान टाकलं. त्यावर आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत भाड्याने खेळता येतं, शाळा येतात, गावातले संघ येतात, आणि पावसाने सामना पुढे जात नाही. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतही गल्ल्यात काहीतरी पडत राहतं. अडचण इतकीच की लीग टूमध्ये कृत्रिम मैदान चालत नाही. हॅरोगेटने २०२० मध्ये आणि सटनने २०२१ मध्ये बढती मिळाल्यावर आपलं मैदान उखडून गवत लावलं होतं. मॅक्लेसफील्ड परत त्या पायरीवर पोहोचलं तर त्यांनाही तो गालिचा गुंडाळावा लागेल, आणि त्याबरोबर आठवड्याचं भाडंही.